बोटॉक्सच्या त्या मेसेजबद्दल खुलासा
लातूर-नांदेडच्या ग्रुपवर लग्नसराईचा एक मेसेज फिरायलाय, बोटॉक्सचं एक इंजेक्शन घेतलं की गाल भरतात अन् सुरकुत्या कायमच्या जातात म्हणून. तसं नाही बगा. मी स्किनच्या ओपीडीत नर्स आहे, ही इंजेक्शनं रोज भरून देते. बोटॉक्सची पावडर सलाईनमध्ये मिसळून कपाळाच्या स्नायूत अगदी थोडी थोडी देतात, त्यानं नसेकडून स्नायूला जाणारा निरोप थांबतो, आठी पडत नाही, पण ३-४ महिन्यांत असर उतरतो. गाल भरतो तो फिलर, म्हणजे कातडीखाली भरायचं वेगळंच इंजेक्शन, बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडचा जेल, तोही हळूहळू विरघळतोच. अन् फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर कातडी काळी पडू शकते, नजरसुद्धा जाऊ शकते, म्हणून ताईंनो पार्लरमध्ये अजिबात घेऊ नका, स्किनच्या डॉक्टरकडंच जा. तो मेसेज पुढं ढकलू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हे पाठवा.