खोगीर लागल्याच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडून खोगीर बसवून घेतल्याला चार महिने झाले. आता खांद्यामागे दोन्ही बाजूंना सूज आहे, आणि बाकी पाठ घामाने भिजली तरी तेवढ्या दोन जागा कोरड्या राहतात. जाड जेल पॅड टाकल्यापासून घोडा तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येतो. आणि फोनवर आमच्याकडून ‘स्वाराचं वजन जास्त असेल’ एवढंच ऐकायला मिळालं.

फोनवरच्या त्या उत्तराबद्दल आधी माफी मागतो. घोडा न पाहता असं बोलणं चूकच. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं, हा ढोबळ नियम आहे. ४०० किलोच्या घोड्याला ८० किलो. पण वजन बसत असूनही पाठ लागते, कारण प्रश्न वजन किती याइतकाच ते किती जागेवर पसरतं याचा असतो. वजन जास्त असतं तर त्रास फक्त दोन ठरावीक जागांवर, तोही दोन्ही बाजूंना सारखाच, असा सहसा दिसत नाही.

तुम्ही लिहिलं आहे की खोगिराच्या पुढच्या कमानीखाली चार बोटं सहज जातात, म्हणून खोगीर अरुंद नसणार असं तुम्हाला वाटतं. इथेच बहुतेकांची गल्लत होते. खोगिराच्या आतला कडक सांगाडा पाठीला अरुंद झाला की खोगीर खाली बसत नाही, पाठीवर चिमट्यासारखं वर अडकतं. पुढची बाजू उचलली जाते, कमानीखाली जागा जास्त दिसते, स्वार मागे कलतो आणि सांगाड्याची दोन टोकं खांद्यामागच्या स्नायूत रुततात. तुमच्या घोड्याची सूज नेमकी तिथेच आहे.

घरी पडताळून पाहा, पण सूज आणि दुखरेपणा गेल्यावरच. घोडा सपाट जमिनीवर चारही पाय सरळ ठेवून उभा करा. नमदा (खोगिराखालचं जाड कापड), पॅड काही न घालता नुसतं खोगीर ठेवा, तंग आवळू नका. तळहात घोड्याकडे करून पुढच्या कडेखालून वरून खाली हळूहळू सरकवा. दाब सगळीकडे सारखा लागायला हवा. मध्येच बोटं अडकली आणि त्याच्या खाली पुन्हा मोकळी झाली, तर ती अडकण्याची जागा म्हणजे सांगाड्याचं टोक. खोगीर खांद्याच्या हाडावर चढलेलं नाही ना, तेही बघा. पाय पुढे टाकताना त्या हाडाचा वरचा भाग मागे सरकतो, त्याला जागा लागते. आणि खोगिराच्या खालची, पाठीवर टेकणारी गादी मागे शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपली पाहिजे.

आता जेल पॅडचं. बूट घट्ट होत असताना आत जाड मोजा घातला तर जे होतं, तेच इथे झालं. अरुंद सांगाड्याखाली जाडी वाढवली की चिमटा आणखी आवळतो. पॅड आजच काढा.

कोरड्या जागांचा अर्थ दोन प्रकारे लागतो: एक तर गादी तिथे टेकतच नाही, नाही तर इतकी दाबते की घाम सुटत नाही. तुमच्याकडे त्याच जागी सूज आहे, म्हणजे दुसरं कारण. सतत दाबाने बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि खालचा स्नायू त्वचेच्या आधी खराब होतो, म्हणून वरून जखम दिसत नाही. पुढे तिथे पांढरे केस उगवले, तर ते याच दाबाची खूण असतील.

आमची चूक कुठे झाली, तेही सांगतो. बसवताना खोगीर ठीक होतं, पण नियमित कामाने घोड्याची पाठ भरते आणि गाद्यांमधली लोकरीची भरती दबते. त्यामुळे पहिल्या २० ते ३० तासांच्या स्वारीनंतर फेरतपासणी हवी. ती तारीख आम्ही तुम्हाला दिली नाही. शिवाय तेव्हा स्वाराला फक्त चालीत, म्हणजे घोडा सावकाश चालत असताना पाहिलं. चालीत खोगिराखालचा भार स्वाराच्या वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. दुडकीत प्रत्येक पावलाला तो दुपटीच्या वर जातो, कँटरमध्ये (दुडकीहून वेगाच्या धावेत) अडीचपटीच्या वर. ६० किलोचा स्वार पाठीला क्षणभर दीडशे किलोंचा होतो. खरी परीक्षा तिथेच होते, आणि तीच आमच्याकडून राहिली.

सूज आणि बोटाने दाबल्यावर पाठ चोरणं पूर्ण थांबेपर्यंत खोगीर अजिबात घालू नका. पशुवैद्यांना दाखवा, आणि मागच्या पायांचं लंगडणंही तपासायला सांगा, विशेषतः खोगीर एका बाजूला सरकत असेल तर. मागचा पाय दुखत असला की खोगीर सरकतं, आणि लोक वर्षभर भरतीच बदलत बसतात.

सांगाडा रुंद करणं आणि भरती नव्याने करणं, दोन्हीचं शुल्क घेणार नाही. तो सांगाडा रुंद होण्यासारखा नसेल, तर तसं स्पष्ट सांगू. पहिल्या भेटीत स्वार लागणार नाही, पाठीचं माप घेऊ. दुसऱ्या भेटीला नेहमीचा स्वार आणि नेहमीचा नमदा आणा. घाम वाळण्याआधी काढलेला पाठीचा फोटो असेल तर तो आधी पाठवा.