दोन स्टार दिलेल्या सरांना, बुडापेस्टच्या त्या दीड तासाबद्दल

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सहलीत तुमचा आणि विशेषतः आईंचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. आमचं ऑफिस म्हणजे डोंबिवलीतला एक गाळा. मी, माझे मिस्टर आणि एक मदतनीस मुलगा, एवढाच कारभार. त्यामुळे रिव्ह्यू वाचून उत्तर द्यायला वेगळा विभाग वगैरे नाही, हे मीच रात्री साडेअकराला लिहिते आहे.

तुम्ही लिहिलंत, "सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडांसाठी अडीच तास सांगितले आणि सगळ्यांना दीड तासात बाहेर काढलं. पाणी कोमट, तिकीट महाग. यापेक्षा आपली वज्रेश्वरी बरी."

सर, बाकीचं ठीक आहे, पण "सगळ्यांना" हा शब्द मला लागला.

त्या दिवशी काय झालं ते सांगते, कारण मी स्वतः दारात उभी होते. शनिवार होता. व्हिएन्नाहून सकाळी निघून, बुडापेस्टला जेवून, आपली बस ३.१० ला सेचेनीशी पोचली. ३.२० पर्यंत आपल्या २९ जणांपैकी २५ जण मनगटात पट्टा घालून आत गेले होते. राहिले ते तुम्ही चौघं, कारण तुमचे पोहण्याचे कपडे मोठ्या बॅगेत होते आणि मोठी बॅग बसच्या पोटात. "कपडे, स्लिपर, टॉवेल, टोपी छोट्या पिशवीत हाताशी ठेवा" हा मेसेज व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीनदा टाकला होता. तिसऱ्या मेसेजला तुमचाच अंगठा आहे. पण असू दे, प्रवासात विसरायला होतं, माझंही होतं.

तोवर बस पार्किंगला गेली होती. ती परत दारापाशी का बोलावली नाही, असं तुम्ही तेव्हाही चिडून विचारलंत. तिकडे बसच्या ड्रायव्हरला साडेचार तासांच्या ड्रायव्हिंगमागे ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते, आणि ती सगळी गाडीतल्या यंत्रावर नोंदली जाते. त्याची विश्रांती नुकतीच सुरू झाली होती. मी हात जोडले असते तरी त्याने स्टिअरिंगला हात लावला नसता, आणि दंड झाला असता तर तो मलाच भरावा लागला असता. म्हणून तुमच्या मुलाला घेऊन मी चालत पार्किंगला गेले. बॅग सगळ्यात आत, इतर बावीस बॅगांच्या मागे. परत आलो तेव्हा ४.०५ झाले होते. तुम्ही पाण्यात उतरलात ४.१५ ला आणि बाहेर आलात ५.४५ ला. दीड तास बरोबर आहे, पण तो तुम्हा चौघांचा. बाकीची मंडळी ३.३० पासून पाण्यात होती, म्हणजे सव्वादोन तास.

आणि रिव्ह्यूला तुम्ही जो फोटो जोडलाय, छातीभर पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळणारे आजोबा आणि त्यांच्या मागे खांद्यावरून डाव बघणारे तुम्ही, तो मीच काढलाय. ५.२० ला. तुम्ही वीस मिनिटं तिथून हलला नव्हता. मला तेव्हा वाटलं होतं, चला, यांचा राग गेला.

पावणेसहानंतर अजून अर्धा तास का दिला नाही, तर सात वाजता डॅन्यूबवरची बोट होती आणि बोट आपल्यासाठी थांबत नाही. शिवाय ड्रायव्हरला रात्री सलग ११ तास सुट्टी द्यावी लागते, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. इथे ठाण्याच्या ड्रायव्हरला चहा पाजून "दादा, जरा अर्धा तास" म्हणता येतं तसं तिथे नाही. सर, हे मी बसमध्ये माइकवर सांगितलं होतं. पण तेव्हा बहुतेक सगळे झोपले होते, हेही कबूल करते.

आता पाणी. बाहेरच्या बसून शेकायच्या कुंडाचं तापमान ३८ अंशांच्या आसपास ठेवतात. जमिनीतून ते दोन विहिरींतून येतं, ७४ आणि ७७ अंशांनी. दुसरी विहीर १९३८ सालची, बाराशे मीटरहून खोल. तसंच्या तसं सोडलं तर आपली कातडी सोलून निघेल, म्हणून निववून सोडतात. तुम्ही पहिल्यांदा उतरलात तो मधला लांब तलाव पोहण्याचा होता, तो थंडच असतो. तिथे टोपी घातल्याशिवाय उतरता येत नाही, म्हणून शिट्टी वाजली. तो तुमचा अपमान नव्हता, सर, एका जर्मन बाईंनाही वाजली.

वज्रेश्वरीला मीही लहानपणापासून जाते. अकलोलीच्या कुंडात पाय घातला की आई गं म्हणायला होतं, ते पाणी खरंच कडक. त्याची सर कशाला नाही. पण १९१३ साली बांधलेली ती पिवळी इमारत, १५ कुंडं आत आणि तीन बाहेर, हे बघायलाही आपण जातो ना? आमचा मदतनीस तुम्हाला "मग वज्रेश्वरीलाच जायचं होतं" असं म्हणाला, ते मात्र अजिबात चुकलं. त्याला मी त्याच रात्री बोलले. पोरगा कामाला चांगला आहे, जिभेला लगाम नाही.

तिकिटाचं थोडक्यात सांगते. शनिवार-रविवारचा दर जास्त असतो, आणि आपल्या पॅकेजमध्ये लॉकर होता. तुम्हाला खासगी केबिन हवी होती, वरचे पैसे तुम्ही तिथल्याच खिडकीवर भरलेत. आमच्या खिशात एक फोरिंटही आलेला नाही.

आईंबद्दल मात्र माझ्याकडे काही सफाई नाही. त्या सुती पंजाबी ड्रेस आणून तयारीने आल्या होत्या आणि त्या कपड्यात पाण्यात सोडत नाहीत म्हटल्यावर दीड तास काठावरच्या बाकावर बसून राहिल्या. सहलीआधीच्या मीटिंगमध्ये मी "पोहण्याचे कपडे लागतील" एवढंच म्हणाले. सत्तरीच्या बाईने त्यातून काय समजायचं? अंगभर असा नायलॉनचा पोहण्याचा पोशाख मिळतो, तो तिथे चालेल का, हे मी आधीच विचारून ठेवायला हवं होतं. सकाळी बसमध्ये मी सांगितलं होतं की शेजारच्या प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्यांनाही हेच पाणी मिळतं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने त्याच हसल्या होत्या. आणि संध्याकाळी बाकावरून म्हणाल्या, "म्हणजे पाणघोड्यांना आहे, मला नाही." हे तुम्ही रिव्ह्यूत लिहिलं नाहीत. मी विसरलेले नाही.

पुढच्या सहलींसाठी कपड्यांची यादी मराठीत नीट छापून द्यायचा विचार आहे. माहितीपत्रकात "अडीच तास" लिहिलंय, त्यात कपडे बदलणं धरलंय हे लिहिलेलं नाही. तेही बघते. वेळापत्रकातही काही करता येईल का ते मिस्टरांशी बोलते आहे.

एक विनंती आहे. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दिवाळीच्या सहलीची दोन कुटुंबं मागे सरली. दोघांनीही फोनवर तेच विचारलं, "सगळ्यांना दीड तासात बाहेर काढता म्हणे?" स्टार दोनच राहू द्या, ते तुमचं मत आहे. फक्त "सगळ्यांना" च्या जागी "आम्हा चौघांना" एवढं केलंत तर बरं होईल.

आईंना नमस्कार सांगा. त्यांची चष्म्याची डबी बसमध्ये सीटखाली सापडली, ऑफिसात ठेवली आहे. सोमवार सोडून कधीही या, नाहीतर मी मदतनीस मुलाबरोबर घरी पाठवते.