कपाटामागचं स्थळ

पावसाळा लागला की आमच्याकडे एक रातकिडा मुक्कामाला येतो आणि नेमकं बेडरूममधल्या लोखंडी कपाटामागेच बिऱ्हाड थाटतो. दिवसभर गप्प. दिवा मालवून पाठ टेकली की सुरू, उठून दिवा लावला की चूप. जमिनीचा जरासा हादराही त्याच्या पायांना कळतो. त्यातून त्याचे कानही पुढच्या पायांवर, गुडघ्याखाली. म्हणजे मी हातात चप्पल घेऊन दबकत निघालो की पहिली बातमी त्यालाच.

"अहो, ओरडतोय कुठून ते तरी बघा," ही म्हणते. तेच तर कळत नाही! इतक्या उंच, एकसुरी आवाजाची दिशा माणसाच्या कानाला नीट लागत नाही. मला तो कपाटामागे वाटतो, हिला पंख्यात. सासूबाईंच्या मते ते माझं घोरणं आहे.

ओरडायला त्याला मुळात गळाच नाही. एका पंखाच्या शिरेवर बारीक दाते असतात. दुसऱ्या पंखाची कड त्यांवर घासायची, कंगव्यावरून नख फिरवावं तशी. हा उद्योग फक्त नराचा. मादी मुकी. ती ऐकते, पसंत पडलं तर चालत येते. तोवर जागरण माझं.

दक्षिण भारतात झाडावरचा एक रातकिडा आहे. तो पानाला भोक पाडून त्यात बसतो आणि वाजवतो, म्हणजे आवाज लांब जातो. ही युक्ती जास्त करून बारक्या, कमी आवाजाच्या नरांची. आमच्या गल्लीतले भोंगे कोण लावतं ते बघितल्यावर मला याचं नवल वाटलं नाही.

त्यापेक्षा पतंग सभ्य. रेशमाच्या पतंगाची मादी नुसता गंध सोडते. तो गंध नेमका कशाचा, हे काढायला बूटेनांट या जर्मन शास्त्रज्ञाला सुमारे 5 लाख माद्या लागल्या. 1959 साली पत्ता लागला. पण कुणाची झोप मोडली नाही.

यवतमाळचा माझा मामेभाऊ कपाशीत कामगंध सापळे लावतो. आत गुलाबी बोंडअळीच्या मादीचा कृत्रिम गंध. नर आशेने येतात आणि पिशवीत पडतात. त्याला फोन केला, "असं काही रातकिड्यासाठी मिळेल का रे?"

"भाऊ, इथं बोलावते नर. त्याचा आवाज लावून सापळा मांडला तर नवरी सापडीन, नवरदेव तुमच्याच घरी राहीन."

परवा मध्यरात्री अचानक सूर बदलला. मंद, नाजूक. मादी जवळ आली की नर असंच वाजवतो. मी हिला हलवून उठवलं, "आली! जमलं एकदाचं!"

"मग आता अंडी?"

"ओल्या मातीत घालतात."

ही ताडकन उठून बसली. "उद्यापासून बाल्कनीतल्या एकाही कुंडीला पाणी घालायचं नाही."

"आणि तुळस?"

"तुळशीपाशी तुम्ही झोपा. नाहीतरी इथे तुम्हाला झोप कुठे लागते?"