माइकच्या छिद्रात टाचणी घालू नका

गेल्या आठवड्यात मिरजेहून मावशीचा फोन आला. "अगं, मुलं म्हणतायत माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय. त्या मेसेजमध्ये सांगितलं होतं तसं सगळं केलं, तरी." मावशी गाणं शिकवते. तिच्याकडची निम्मी मुलं परदेशातल्या मराठी घरांतली, त्यामुळे शनिवार-रविवारचे वर्ग ऑनलाइन असतात. मी मेसेज मागवून घेतला. 'हेडसेटचा माइक स्टुडिओसारखा क्लिअर करा, एक रुपयाही खर्च न करता!' खाली सहा उपाय आणि शेवटी 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. लोकांनी ते मात्र इमानानं केलंय. दोन दिवसांत माझ्याच तीन ग्रुपवर तो येऊन पडला.

मी आवाजाच्या संपादनाचं काम करते. घरी रेकॉर्ड केलेले आवाज रोज ऐकते आणि ते कशानं बिघडतात हेही रोज बघते. या सहातला एक उपाय वस्तूच मोडणारा आहे, म्हणून सुरुवात त्यानंच करते.

'माइकच्या छिद्रात टाचणी हलक्या हातानं फिरवा, आतली घाण निघून आवाज मोकळा होईल.' मावशीनं हेच केलं, आणि तिचा माइक गेला.

त्या छिद्रामागे काय असतं ते लिहिणाऱ्यानं एकदा तरी बघायचं होतं. तोंडासमोर दांडी येणाऱ्या हेडसेटमध्ये बहुधा इलेक्ट्रेट जातीचा माइक असतो. जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी तो १९६२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शोधला. १९६४ साली त्यांना मिळालेलं पेटंट, क्रमांक ३,११८,०२२, आजही कुणालाही इंटरनेटवर वाचता येतं. रचना साधी आहे. धातूचा लेप दिलेला, केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा आणि त्याच्यामागे अगदी थोडं अंतर सोडून बसवलेली धातूची चकती. पडद्यात विद्युतभार कायमचा कोंडलेला असतो. बोललं की पडदा थरथरतो, अंतर कमीजास्त होतं, त्याबरोबर व्होल्टेज बदलतं, आणि पुढे तोच आपला आवाज. ही सगळी करामत त्या पडद्यावर आणि त्या अंतरावर चालते. टाचणीनं पडदा फाटला किंवा चकतीला टेकला, की संपलं. मोबाइलमध्ये आणि कानातल्या छोट्या इअरबड्समध्ये तर सिलिकॉनच्या चिपवर कोरलेला माइक असतो. तिथला पडदा डोळ्यांनी नीट दिसणारही नाही, आणि हे म्हणतात 'हलक्या हातानं फिरवा'. अॅपलच्या एअरपॉड्सच्या सफाईच्या सूचनांमध्ये टोकदार वस्तू वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय इअरफोनवरचं प्रत्येक छिद्र माइकचं नसतं. काही छिद्रं आतल्या स्पीकरला हवा मिळावी म्हणून असतात. तिथं टाचणी घातली तर ऐकायचीही पंचाईत.

यातलं एक मान्य करते, कारण ते खरंच आहे: छिद्र बुजतं. धूळ, पावडर, घाम यांचा थर जाळीवर बसला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. त्यासाठी कोरडा, मऊ ब्रश घ्या, छिद्र जमिनीकडे करा आणि वरच्यावर झटका. स्पंजाची टोपी असेल तर ती काढून धुवा, पूर्ण वाळली की परत बसवा. एवढंच करायचं. आत काहीही घालायचं नाही.

दुसरा उपाय: 'माइकचा व्हॉल्यूम १०० आणि मायक्रोफोन बूस्ट फुल ठेवा, आवाज खणखणीत येईल.' मावशीच्या लॅपटॉपवर बूस्ट +३० डेसिबल निघाला. +३० म्हणजे माइककडून आलेला विद्युतसंकेत सुमारे ३२ पट वाढवणं. त्यात मावशीचा आवाज वाढतो, तसाच पंख्याचा, रस्त्यावरच्या रिक्षाचा आणि शेजारच्या मिक्सरचाही वाढतो. बूस्टला यातलं गाणं कोणतं हे कळत नाही. खरं नुकसान तर पुढे होतं. संगणक आवाज आकड्यांत लिहून घेतो, आणि १६ बिटांच्या नोंदीत सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. आवाज त्याच्यावर गेला तरी नोंद तिथंच अडते आणि लाटेचा माथा सपाट कापला जातो. पलीकडे ऐकू येते ती फाटकी खरखर. एकदा कापलेला माथा पुढे आवाज कमी करून परत येत नाही. बोलणाऱ्याला हे एक वेळ चालून जाईल. तार सप्तकात जाणाऱ्या गळ्याचं काय? मुलांनी ऐकायचा तो षड्ज, आणि त्यांच्या कानांवर पडतंय फाटलेलं पत्र्याचं डबडं!

करायचं ते असं. विंडोजच्या जुन्या साउंड पॅनेलमध्ये रेकॉर्डिंग, तिथं आपला माइक, मग लेव्हल्स. बूस्ट आधी शून्यावर आणा. मग आपण प्रत्यक्षात जितक्या मोठ्यानं बोलणार किंवा गाणार असू, तितक्या मोठ्यानं आवाज लावा. पुटपुटत 'हॅलो हॅलो' करून काही कळत नाही. मावशीला मी तार षड्ज लावायला सांगितलं. माइकच्या नावाशेजारची, आवाजाबरोबर हलणारी पट्टी शेवटाला टेकत असेल तर लेव्हल खाली आणायची. फारच कमी वाटला तरच बूस्ट +१०. मग रेकॉर्डरवर अर्धा मिनिट नोंदवा आणि ते हेडसेटवरच ऐका.

तिसऱ्यात अर्धं तथ्य आहे. 'माइक ओठांना टेकेल इतका जवळ ठेवा.' जवळ ठेवावा हे बरोबर. अंतर निम्मं झालं की तोंडाचा आवाज माइकवर साधारण ६ डेसिबलनं वाढतो, खोलीचा गोंगाट तेवढाच राहतो, आणि बूस्टची गरजच उरत नाही. पण ओठांसमोर? मराठीत बोलताय ना! प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सरळ पुढे येतो आणि माइकवर धप्प आपटतो. 'फुलपाखरू' म्हणून बघा. दांडी ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर, किंचित खाली ठेवा. झोत बाजूनं निघून जातो, आवाज तेवढाच पोचतो.

'वायरचा हेडसेट फेकून द्या, ब्लूटूथच क्लिअर.' वायर पदराला घासून खरखर होते, एवढं बरोबर. क्लिपनं वायर बांधा, प्रश्न मिटला. ब्लूटूथवर गाणी सुरेख वाजतात ती एकेरी वाहतूक म्हणून. माइक चालू झाला की बहुतेक हेडसेट फोन-कॉलच्या पद्धतीवर उतरतात. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे तो तितक्या वेळा मोजला जातो, नव्यात १६,०००. ८,००० नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही, आणि 'स'चा बराचसा जीव त्याच्या वरच असतो. फोनवर 'एस' आणि 'एफ' पुन्हापुन्हा सांगावे लागतात ते त्यामुळेच. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीनं परिस्थिती सुधारते, पण ती सोय हेडसेट आणि लॅपटॉप दोन्हीकडे हवी.

'आवाज आला नाही तर पिन थोडी बाहेर ओढा' हा जुगाड कधीकधी चालतो, कारण आतले संपर्क जुळलेले नसतात. पण त्यात माइक बहुधा बंदच राहतो. पिनेवरची काळी वलयं मोजा. तीन असतील तर माइकची सोय आहे, दोन असतील तर नाही. लॅपटॉपला माइक आणि हेडफोनची वेगळी भोकं असतील तर स्प्लिटर, म्हणजे एका पिनेच्या दोन करणारी छोटी वायर, लावा.

शेवटचा उपाय: 'नॉइज कॅन्सलेशनवाला हेडसेट घ्या आणि अॅपमधलंही फुल करा, मागचा एकही आवाज जाणार नाही.' इथं दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. हेडसेटच्या खोक्यावरचं एएनसी, म्हणजे अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, तुमच्या कानांसाठी असतं. पंख्याची घरघर तुम्हाला कमी ऐकू येईल, पलीकडच्याला ती जाईलच. झूमसारख्या अॅपमधलं वेगळं. ते माइकमध्ये आलेल्या आवाजातून गोंगाट गाळतं, आणि सलग, न बदलणारा आवाज त्याला गोंगाट वाटतो. ऑफिसच्या मीटिंगला उत्तम. पण तानपुरा म्हणजे दुसरं काय? मावशी मिरजेची, तानपुऱ्यांच्या गावची, आणि तिच्या विद्यार्थ्यांना तानपुराच ऐकू येत नव्हता! मुलं सुराला धरायची कशाला? झूमवर संगीतासाठी 'ओरिजिनल साउंड' ही सोय आहे. ती चालू केली की हे गाळणं थांबतं, मात्र तेव्हा खोली शांत हवी आणि कानांवर हेडसेट हवाच, नाहीतर प्रतिध्वनी येतो.

मावशीनं वायरचा नवा हेडसेट घेतला. जुन्याचा उपयोग आता फक्त ऐकायला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो मेसेज अजून आहे. त्याच्याखाली तिनं लिहिलंय, "टाचणी घालू नका. माझा माइक त्यानंच गेला."