चिखलातनं निघाली म्हणजे पार्ट जुळले असं नसतं भावांनो

जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवणाऱ्यांसाठीचा एक मेसेज सध्या कोल्हापुरात सगळीकडं फिरतोय, मला एकट्याला चार जणांनी पाठवला. त्यात थोडक्यात असं आहे: सगळे गियर पडले, फोर बाय फोर लागलं आणि गाडी चिखलातनं निघाली म्हणजे सगळे पार्ट मॅच. पुढच्या-मागच्या हाउसिंगचा (दोन चाकांमधल्या एक्सलचा) रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्ट किती फेऱ्या मारतो तो आकडा, थोडा इकडंतिकडं असला तर चालतंय, मोठे टायर टाकले की भरून निघतंय. घरघर आली तर इंजिनचे माउंटिंग रबर बदला. आणि पार्ट आणायला गेला की चेसिस नंबर सांगा, दुकानदार बरोबर देतो.

यातलं एकही वाक्य मला पटत नाही. ज्यानं लिहिलंय त्याच्यावर राग नाही, पण हे वाचून पोरं पुन्हा पुन्हा ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणारा डबा) उघडत बसतील, मी बसलोय, म्हणून लिहितोय.

चिखलाचं आधी बघू. सीजे थ्री-बी या जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये मधलं डिफरन्शियल (दोन बाजूंना कमी-जास्त फिरू देणारा गियरचा संच) नसतंय, फोर लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकाला बांधला जातो, दोघांनी सारखंच फिरायचं. रेशो वेगळे असले तर एका बाजूची चाकं पुढं पळायला बघतात आणि दुसरी मागं ओढतात, आणि हा ताण कुठंतरी निघायलाच पाहिजे. चिखलात चाक घसरतं आणि ताण निघून जातो, म्हणून चिखलात चुकीची गाडीपण मस्तच चालते. डांबरावर तो निघत नाही, मग तो क्रॉस (शाफ्टचे सांधे) खातो, दात खातो, केस गरम करतो. माझी जीप गगनबावड्याकडच्या एका शेतातनं फोरमध्ये बाहेर आली, सरळ रस्त्यावर पन्नास-साठ फूट गेली असेल नसेल, फोरची दांडी निघेना. दोन्ही हातांनी ओढली तरी नाही, शेवटी गाडी रिव्हर्स घेतली तेव्हा खट्ट करून सुटली. रेशो सारखे असले तरी वळणावर थोडा ताण येतोच, म्हणून कोरड्या डांबरावर फोर लावायचंच नसतं, ते मान्य. पण सरळ रस्त्यावर एवढ्यात दांडी अडकली तर समजायचं की आत काहीतरी जुळत नाही. ज्या गॅरेजात गाडी दाखवली तिथं दोनदा ट्रान्सफरचे गियर बदलले, आणि दोन्ही वेळा रेशो कुणी मोजलाच नाही.

शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीमामांनी एका खडूनं तो प्रश्न सोडवला. पद्धत सांगतो, पाना लागत नाही. आधी तीन चाकांना दोन्ही बाजूनं दगड लावा, नीट लावा, कारण या जीपचा हँडब्रेक चाकाला नसतो, ट्रान्सफरच्या मागं शाफ्टवर असतो आणि मोजताना तो सोडावा लागतो. ट्रान्सफर न्यूट्रल, पुढची दांडी टू व्हीलला, पुढं फ्री व्हील हब (पुढचं चाक एक्सलपासनं सोडवणारे) असले तर लॉक करा. मग मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवरच राहू द्यायचं. टायरवर एक खूण, शाफ्टवर एक खूण. उचललेलं चाक बरोबर १६ वेळा फिरवा आणि एकानं खाली झोपून शाफ्टच्या फेऱ्या मोजा. एक चाक स्थिर असलं की क्राउन (हाउसिंगमधला मोठा गियर) निम्म्यानंच फिरतो, म्हणजे क्राउनच्या ८ फेऱ्या होतात, आणि पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या शाफ्टकडच्या लहान गियरला) ८ दात असतील तर शाफ्टच्या जेवढ्या फेऱ्या तेवढे क्राउनचे दात. माझ्या गाडीत मागं ४३ आल्या. पुढं तसंच केलं तर ३९. मामा काही बोलले नाहीत, खडू खिशात टाकला आणि चहा सांगितला.

हे होतं कसं? दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपला ३९/८ चा सेट होता, म्हणजे ४.८८, आणि नंतरच्या सिव्हिल जीपना ४३/८, म्हणजे ५.३८. पुढचं हाउसिंग दोन्हीचं डाना २५ या एकाच मॉडेलचं, बाहेरनं बघून कळत नाही. भंगारातनं आलेलं मिलिटरीचं हाउसिंग सिव्हिल गाडीखाली आरामात बसतंय आणि तिथनं पुढं कुणाला काही माहिती नसतंय.

आता 'थोडा इकडंतिकडं' म्हणजे किती ते बघा. ४३ आणि ३९ यात दहा टक्क्यांचा फरक आहे. प्रत्येक दहा फुटांमागं एक फूट कुठलं तरी चाक घासत जाणार! मोठे टायर चारी चाकांना टाकले तर दोन्हीकडं सारखाच बदल होतो, ते दहा टक्के तिथंच राहतात. फोर बाय फोर ट्रॅक्टरला पुढं लहान मागं मोठं टायर चालतं कारण तिथं कंपनीनंच रेशो त्या हिशोबानं ठेवलेला असतो. टायरनं बदलतो तो इंजिनचा आरपीएम, आणि रेशोनंपण तोच बदलतो. टायरचा घेर सव्वादोन मीटर धरला तर ६० च्या स्पीडला टॉप गियरमध्ये ५.३८ वर इंजिन साधारण २,४०० वर फिरतंय आणि ४.८८ वर २,१७० च्या आसपास. डिझेलला हा दुसरा आकडा बरा, मला मान्य आहे, ज्याला पाहिजे त्यानं खुशाल ३९/८ टाकावा, पण दोन्ही हाउसिंगला.

घरघर आली की रबर बदला, हे तर लई जणांना खरं वाटतं. एकदा एवढंच करा, ज्या स्पीडला थरथर येते तिथं न्यूट्रल करा आणि गाडी घरंगळू द्या. थरथर तशीच राहिली तर इंजिनचा संबंध नाही, शाफ्ट किंवा हाउसिंगकडं बघा. बऱ्याचदा शाफ्टची दोन्ही टोकं एका रेषेत नसतात, स्लीव्ह (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा तुकडा) एखादा दात चुकून बसवलेली असते. किंवा मागचं हाउसिंगच दुसऱ्या गाडीचं असतं: या जीपच्या जुन्या डाना १८ ट्रान्सफरचा मागचा शाफ्ट उजवीकडनं निघतो आणि मूळ हाउसिंगचं तोंडपण (जिथं शाफ्ट जोडतात ते) उजवीकडंच असतं, तोंड मधोमध असलेलं हाउसिंग टाकलं की शाफ्ट तिरका जातो. गाडीखाली झोपून मागनं बघा, लगेच दिसतंय.

चेसिस नंबर कारखान्यातनं काय निघालं ते सांगतो, त्यानंतर किती मालकांनी काय बदललं ते नाही. डिफरन्शियलच्या कव्हरवरची पट्टीपण कव्हराबरोबर इकडची तिकडं होते. कव्हर काढा, क्राउनच्या कडेला दातांचे आकडे ठोकलेले असतात, ते खरे.

आणि मेसेजमध्ये जे नाहीच ते, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली अडॅप्टर प्लेट. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक क्रँकमधल्या पायलट बेरिंगमध्ये (त्या नाकाला आधार देणाऱ्या छोट्या बेरिंगमध्ये) पुरतं बसलं पाहिजे. प्लेट जाड झाली तर ते नुसतं टेकतं, पातळ झाली तर आत दाबलं जातं. गियर सुटून येणं, क्लच दाबल्यावर गुरगुरणं हे बऱ्याचदा इथलंच असतं आणि लोक गिअरबॉक्स खोलतात. आपल्याकडं लेथवाल्यांची कमी नाही, पण नुसतं माप सांगून प्लेट करून घेऊ नका, गिअरबॉक्स, बेल हाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं कव्हर), फ्लायव्हील आणि क्लच प्लेट सगळं बरोबर न्या. प्लेट आणि बेल हाउसिंग परत इंजिनवर आवळताना डायल गेज (बारीक माप दाखवणारं घड्याळ) क्रँकला लावून बेल हाउसिंगचं भोक मध्यापासनं किती सरकलंय ते समोर उभं राहून बघा, एक दशांश मिलिमीटरच्या वर असलं तर गिअरबॉक्स चढवू देऊ नका.