टिपा, पुसू नका!

गाडीच्या बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसलं म्हणून मी ते फडक्याने पुसलं. गेलं नाही. जोर लावून पुसलं. तरी गेलं नाही, उलट शेजारी आणखी एक दिसायला लागलं. रात्रीची वेळ होती, मी गाडीत राहिलेला चष्मा शोधायला खाली उतरलो होतो आणि हातात मोबाइलची बॅटरी होती. बॅटरी डावीकडे नेली तर जाळं डावीकडे सरकलं, उजवीकडे नेली तर उजवीकडे. लहानपणी चालताना चंद्र आपल्याबरोबर यायचा, तसं ते जाळं माझ्याबरोबर चालत होतं. बॉनेट झालं, छत झालं, चारही दारं झाली. जिथे उजेड पाडावा तिथे, उजेडाभोवती गोल गोल, केसासारख्या बारीक रेघा.

चष्मा सापडला. तो लावल्यावर रेघा वाढल्या.

त्या रात्री मी या विषयावर जेवढं वाचलं, तेवढं शाळेत असताना वाचलं असतं तर आज गाडी पुसायला माणूस ठेवला असता. या रेघांना स्वर्ल मार्क म्हणतात. गंमत म्हणजे त्या गोल नसतातच. रंगावर हजारो बारीक चरे वाटेल त्या दिशेला गेलेले असतात. त्यांतले जे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळात बसतील असे असतात तेवढेच चमकतात, बाकीचे दबा धरून बसतात. दिवा हलवला की हे लपतात आणि दुसरे पुढे येतात. म्हणजे मला जे दिसले ते थोडे, न दिसलेले कितीतरी जास्त. हे कळल्यावर उरलीसुरली झोपही गेली.

आता हे चरे पाडले कुणी? माझा पहिला संशय खाली क्रिकेट खेळणाऱ्या मुलांवर होता, दुसरा बॉनेटवर झोपणाऱ्या मांजरावर. पहाटे तीनच्या सुमारास सगळे निर्दोष सुटले आणि आरोपी एकटाच उरला. दीड वर्ष, रोज सकाळी, चहाच्या आधी, कोरड्या फडक्याने गाडी लख्ख पुसणारा तो इसम मीच होतो.

गाडीचा रंग म्हणजे थरांची गोष्ट असते. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. आपण ज्या चकाकीवर भाळून गाडी घेतो ती या थराची. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉनचा. म्हणजे माझ्या डोक्यावर जे काही शिल्लक आहे त्यातला एकेक केससुद्धा गाडीच्या या चिलखतापेक्षा जाड आहे. आणि दोन्हींचा साठा सारख्याच वेगाने संपत होता. त्यात धुळीत असतात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण. मोहसच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झ ७ वर आहे, तो काचेवरही चरा ओढतो. असे कण फडक्याखाली धरून मी प्रेमाने गोल गोल हात फिरवत होतो. यालाच सुतारकामात पॉलिश पेपर मारणं म्हणतात.

धुळीचा यात काडीचा दोष नाही, हे आधी कबूल करतो. ती बिचारी नुसती बसलेली असते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला उठवायला जातो तो खरा घातकी.

याचा जिवंत पुरावा आमच्या इमारतीतच उभा होता. समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ गाडी कधीच पुसत नाहीत. "शेवटची कधी धुतलीत?" असं मी एकदा खवचटपणे विचारलं तर म्हणाले, "घेतली तेव्हा धुतलेलीच होती की!" वर आणखी, "अहो, गाडी आपण धुवायची नसते. पाऊस कशाला आहे?" तिचा मूळ रंग कोणता हा आमच्याकडे वादाचा विषय आहे. दुसऱ्या रात्री साडेअकराला मी पाण्याची बाटली घेऊन खाली गेलो, त्यांच्या बॉनेटच्या कोपऱ्यावर हलकेच पाणी सोडलं आणि बॅटरी मारली. आरसा! एक रेघ नाही, एक जाळं नाही. दुसऱ्याच्या गाडीवर मध्यरात्री पाणी ओतून त्यात स्वतःचं तोंड बघणाऱ्या माणसाकडे वॉचमनने कसं बघावं याचा काही नियम नसावा, पण त्याने बघितलं.

आता हा कोरड्या फडक्याचा संस्कार माझ्यावर केला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. तीस वर्षं त्यांनी एकच सायकल वापरली आणि रोज पुसली. त्यांचं शास्त्र दोन वाक्यांचं आहे. वस्तू पुसली की टिकते. आणि जुन्या बनियनसारखं फडकं नाही. त्यांचे निवृत्त बनियन धुऊन धुऊन मलमलीसारखे झालेले असतात, हे खरंच आहे. मी समजावलं, "अण्णा, बनियन मऊच असतो. पण बनियन आणि गाडी यांच्या मध्ये जे अडकतं ते मऊ नसतं."

"मग आधी झटकून घ्यायचा," अण्णा म्हणाले.

तेव्हा रविवारी गाडी शास्त्रशुद्ध धुवायची असं मी जाहीर केलं. शास्त्राला दोन बादल्या लागतात. एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शांपूत बुडवायचा, गाडीवर फिरवायचा आणि परत शांपूत न्यायच्या आधी साध्या पाण्यात खळबळून माती काढून टाकायची. एकच बादली वापरली तर आपण गाडीवरची माती उचलून, फेस लावून, पुन्हा गाडीलाच चोळतो. चाकांना तिसरी बादली आणि वेगळं फडकं, कारण तिथे ब्रेकची लोखंडी पूड असते. घरात बादल्या तीनच आहेत. "म्हणजे आज आंघोळ फक्त गाडीची," असं म्हणून बायको आत गेली. बादलीच्या तळाशी जाळी ठेवायची असते, खाली बसलेली माती परत वर येऊ नये म्हणून. ती माझ्याकडे नव्हती. स्वयंपाकघरातली मोठी चाळण पालथी घातल्यावर अगदी बेताची बसली. चाळणीचा शोध अजून सुरू आहे आणि मीही त्यात मनापासून सहभागी आहे.

भांड्यांचा साबण चालत नाही. तेलकटपणा काढणं हेच त्याचं काम, आणि गाडीवर लावलेलं मेणही त्याच्या लेखी तेलकटपणाच. म्हणून गाडीचा वेगळा शांपू. शिवाय अंगावरचं धातूचं सगळं काढायचं. बक्कल, घड्याळ, अंगठी. आवारात उभा राहून मी पट्टा काढायला लागलो तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी बंद झाली.

सावलीचं प्रकरण वेगळंच. तापलेल्या पत्र्यावर शांपू आणि पाणी बघता बघता वाळतं आणि डाग पडतात, म्हणून गाडी सावलीत हवी. आमच्या आवारात सावली म्हणजे एक झाड. झाड म्हणजे पक्षी. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी, ती उन्हात राहिली तर क्लिअर कोटला खड्डे पाडते. इकडे आड तिकडे विहीर! शेवटी इमारतीची सावली पडेपर्यंत मी दोन तास तीन बादल्यांजवळ खुर्ची टाकून बसलो. येणारा-जाणारा विचारी, "पाणी गेलंय का?"

धुणं त्यामानाने सोपं निघालं. आधी नुसत्या पाण्याने भरपूर भिजवायचं, म्हणजे जी माती आपणहून जायला तयार आहे ती बिनबोभाट जाते. मग छतापासून सुरुवात करून खाली यायचं, कारण सगळ्यात जास्त चिखल खालच्या भागात असतो. हात सरळ रेषेत, बिनजोराचा. मोज्याच्या वजनाइतकाच भार. गालावरून मोरपीस फिरवावं तसा मी हात फिरवत होतो आणि अण्णा खुर्चीत बसून बघत होते. अर्ध्या तासाने म्हणाले, "आजारी आहे का ती?"

डाव्या दारापाशी मोजा हातातून सुटला आणि जमिनीवर पडला. जमिनीवर पडलेला मोजा मेला असं समजायचं असतं. ओलं लोकरी कापड वाळू अशी पकडतं की नंतर लाख खळबळा, एखादा कण आत राहतोच. माझ्याकडे दुसरा मोजा नव्हता. मी तसाच उभा राहिलो. मागून आवाज आला, "झटकून घे." मी तो नळाखाली दहा मिनिटं धुतला, उलटा करून धुतला, गालावर घासून पाहिला, आणि कबूल करायला लाज वाटते, पण शेवटी झटकलाही.

खरं महाभारत सुरू होतं ते गाडी सुकवताना. मला वाटायचं की पाणी आपलं आपण वाळतं, त्यात माणसाने काय करायचं? पण पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब उडून जातो, क्षार तिथेच राहतात आणि प्रत्येक थेंबाच्या जागी एक पांढरं कडं उरतं. बाथरूमच्या नळावर जे होतं तेच. म्हणून वाळायच्या आत पाणी काढायचं. आधी नळीच्या तोंडाचा फवारा काढून पाण्याची सलग धार छतावरून अलगद सोडायची. पाण्याचा पडदा खाली घसरतो आणि जाताना बरेच थेंब आपल्याबरोबर ओढून नेतो. ही पायरी एकदम सुंदर आहे. मी ती चार वेळा केली. बायको वरून म्हणाली, "बास आता!"

उरलेल्या थेंबांसाठी मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे चिरलेले, अतिशय बारीक धागे, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितात. तो पत्र्यावर पसरायचा, तळव्याने हलकेच दाबायचा आणि उचलायचा. टिपायचं, पुसायचं नाही. मराठीत हा फरक मुळातच आहे, ही आपल्या भाषेची श्रीमंती. शाई टिपतात, फळा पुसतात. नव्या नवरीचे डोळे आई टिपते, शेंबड्या पोराचं नाक पुसते. आजवर मी माझ्या गाडीला शेंबडं पोर समजत आलो होतो.

टॉवेल पसरला, दाबला, उचलला. पाणी होतं तिथेच. त्यात आता पांढरी लवही होती. तपास करता उघड झालं की नवा टॉवेल आधी धुऊन घ्यावा म्हणून मी मशीनमध्ये टाकला, तो घरच्या सुती कपड्यांबरोबर धुतला गेला आणि त्यात कपडे मऊ करणारं औषधही पडलं. त्या औषधाचा थर धाग्यांवर बसला की मायक्रोफायबर पाणी प्यायचं सोडतो, आणि सुती कपड्यांची लव त्याला चिकटते. "मऊ व्हावं म्हणूनच घातलं ना?" बायको म्हणाली. तिचंही बरोबर होतं. नशिबाने टॉवेल दोन होते, आणि दुसरा अजून पिशवीतच होता.

संपूर्ण गाडी टिपायला पाऊण तास लागला. शेवटचा थेंब टिपून मी दोन पावलं मागे सरलो आणि समाधानाने बघू लागलो. डाव्या आरशाखालून एक थेंब ओघळला आणि दारावरून सरळ खाली गेला. मी टिपला. उजव्या आरशाखालून आला. तो टिपेपर्यंत डावा पुन्हा. आरशाच्या पोटात किती पाणी मावतं याचं कोष्टक कुणीतरी छापायला हवं. मग दार उघडलं तर रबरातून धार लागली, दार लावलं तर हँडलमागून. इंधनाचं झाकण, नंबरप्लेट, मागचे दिवे, सगळे आपापली पाळी धरून रडत होते. मी एकटा माणूस, हातात टॉवेल, कुणाकुणाचे डोळे टिपू?

"आण इकडे," अण्णा उठले. हातात बनियन होता. तो कुठून आला ते मी पाहिलं नाही, पण पूर्ण वेळ त्यांच्या मांडीखाली असावा.

"अण्णा, नको!"

मी ओरडलो, हे चुकलंच. अण्णा थांबले. बनियनची शांतपणे चौकोनी घडी घातली. "बरं," म्हणाले. "तुझी गाडी आहे." आणि जिना चढून गेले. संध्याकाळी चहा झाला, जेवण झालं, पण घरात एकूण वातावरण गुळगुळीत नव्हतं. रात्री मी बॅटरी घेऊन खाली गेलो. जुनी जाळी जागच्या जागी होती, ती जायला मशीनने पॉलिशच करावं लागतं. त्यात चरा भरत नाहीत, चऱ्याच्या आसपासचा थरच घासून चऱ्याच्या पातळीला आणतात. माझ्या गाडीला तेवढा थर उरलाय का, हे कोणाला विचारायचं धैर्य मला अजून झालेलं नाही. पण नवी रेघ एकही नव्हती.

सकाळी सहा वाजता ओळखीचा आवाज ऐकू आला. फट्, फट्. कुणीतरी फडकं झटकत होतं. मी अनवाणी खाली धावलो. आमच्या गाडीजवळ कुणी नव्हतं. अण्णा समोर उभे होते, त्या गृहस्थांच्या गाडीजवळ, बाह्या दुमडून. बॉनेट पुसून झालं होतं आणि छतावर मोठी मोठी वर्तुळं चालू होती. वर्षांची धूळ उठून सकाळच्या कोवळ्या उन्हात सोन्यासारखी तरंगत होती. गाडी निळी निघाली.

"कुणी बघतच नाही बिचारीकडे," अण्णा म्हणाले. कालच्यापेक्षा चेहरा पुष्कळ उजळ होता.

तेवढ्यात ते गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन फाटकातून आत आले आणि गाडी बघून जागीच थांबले. "काय चकचकीत केली हो अण्णांनी!" मला म्हणाले. "पण त्यांना कशाला त्रास?"

ऊन बॉनेटवर आलं होतं. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती एक कोवळं, नाजूक जाळं नुकतंच धरू लागलं होतं.

"त्रास कसला," मी म्हणालो. "उद्याही येतील."