वरच्या मजल्यावरचं ठिबक

बिल्डरच्या माहितीपत्रकात ज्याला ‘फ्लॉवर बेड’ म्हणतात, ती म्हणजे गॅलरीच्या कठड्यालगत बांधलेली विटांची लांबट पेटी. तिच्याजवळ नळ द्यायची पद्धत नाही. झाडं घरमालकाच्या उत्साहावर जगतात, असा बांधकाम क्षेत्राचा समज असावा. आमचा उत्साह मार्चपर्यंत टिकतो. एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की आम्ही गावाला, आणि परत येईस्तोवर मोगऱ्याचा खराटा.

म्हणून ठिबक करायचं ठरलं. शेतीसाहित्याच्या दुकानात मालकांनी मान वर न करता विचारलं, “एकर किती?”

“पाच पेट्या.”

“पीक?”

“मोगरा, तुळस... आणि एक कढीपत्ता.”

मागे उसासाठी नळीची बंडलं न्यायला आलेले एक काका उभे होते. म्हणाले, “ह्यांचं आधी द्या, वाळेल.”

१६ मिलिमीटरची काळी नळी, ४ मिलिमीटरची मायक्रोट्यूब, तासाला दोन लीटर पाणी थेंबाथेंबाने सोडणारे ड्रिपर, टी, एंड कॅप, फिल्टर, पंच असं सगळं घेऊन आलो. नळ ड्राय बाल्कनीत, पेट्या हॉलच्या गॅलरीत, आणि मधे स्वयंपाकघर, म्हणजे आईची हद्द. नळी फ्रिजमागून न्यायला तहात परवानगी मिळाली. मायक्रोट्यूबचं टोक चहाच्या पेल्यातल्या गरम पाण्यात बुडवलं की मऊ पडून पटकन बसतं. तो पेला पुन्हा चहाला मिळाला नाही.

टायमर लावला. सहा वाजता ‘टक्’ असा आवाज आला आणि पुढे काही नाही. तो सोलेनॉइडचा, म्हणजे विजेच्या चुंबकाने झडप उघडणारा; त्याला पाण्याचा दाब लागतो. पाणी दहा मीटर उंचीवरून आलं तर एक किलो दाब. आमची टाकी थेट डोक्यावर. वरच्या मजल्याचे जादा पैसे आम्ही मोजले, दाब मात्र तळमजल्याला फुकट! शेवटी बिनदाबाचा, बॉल व्हॉल्व्ह फिरवणारा टायमर आणला.

पाणी आलं. मोगऱ्याचा चिखल झाला, तुळस कोरडी. निफाडहून द्राक्षबागायतदार मामा आले होते. त्यांनी प्रत्येक ड्रिपरखाली स्टीलचा मोठा पेला ठेवला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसले. पेल्यांत अर्धा-अर्धा लीटर हवं होतं. मोगऱ्याचे पेले वाहिले. तुळशीच्यात तळ ओला. मामांनी तिचा ड्रिपर उघडला. आत टँकरच्या पाण्याचा पांढरा थर.

“क्षार रे. आम्ही बागेला ॲसिड सोडतो.”

“तुळशीला ॲसिड?” आई स्वयंपाकघरातून ओरडली. तेव्हापासून तुळस सरकारी योजनेतून वगळलेली आहे. तिला तांब्यानेच पाणी.

मग खालच्या काकू आल्या. आमच्या निचऱ्याचं भोक नेमकं त्यांच्या दोरीवर उघडतं. बादलीच्या काळात कधीतरी चार थेंब पडायचे, तेव्हा त्या नुसतं वर बघायच्या. आता वक्तशीरपणामुळे पुरावा तयार झाला होता.

“रोज सहा वाजून दहा मिनिटांनी, अहो! चादरीवर!”

मामांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि विचारलं, “ताई, तुमच्याकडे फ्लॉवर बेड आहे?”

एक मजला खाली म्हणजे टाकीपासून आणखी तीन मीटर, तेवढा दाब जास्त. आमचीच नळी खाली सोडली. काकूंची शेवंती आता भरभरून पितेय, आणि दाब कमी वाटला की काकू खालून मलाच हाक मारतात.